सचीच्या बेटावर अक्का

अक्का जगातल्या कुठल्याही माणसाशी मराठीतच बोलत. समोरचा माणूस ब्राझीलचा असो, फिनलंडचा असो, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातला मलयाळी असो, त्यांची सुरुवात मराठीत व्हायची, मध्येच गाडी कन्नडवर जायची आणि शेवट पुन्हा मराठीत. समोरचा गोंधळला तर त्या तेच वाक्य सावकाश, पण पुन्हा मराठीतच सांगायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, त्याला कळत नाहीये." त्या म्हणाल्या, "कळतंय ग. कळायला काय मोठं? तोंडाकडं बघितलं की कळतं." आणि गंमत म्हणजे बहुतेकांना कळायचंही. तो फिनलंडचा उंच मुलगा अक्कांनी सांगितल्याबरोबर चपला बाहेर काढून ठेवायचा आणि ओला टॉवेल मागच्या दोरीवर वाळत घालायचा.

म्हैसूरच्या गोकुळम भागात त्यांचं घर होतं. योग शिकायला जगभरची माणसं त्या भागात येतात, दोन-तीन महिने राहतात आणि जातात. अक्कांनी मागच्या अंगाची खोली अशा लोकांसाठी ठेवली होती. वर गच्चीला लागून असलेली खोली माझी. मी मूळची नगरची. नोकरीसाठी म्हैसूरला आले, तेव्हा ओळखीचं कुणीच नव्हतं. घरमालकीण मराठी आहे एवढ्या एका गोष्टीवर मी ती खोली घेतली. अक्कांच्या दृष्टीनं महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस पुण्याचा असे, त्यामुळे मी शेवटपर्यंत 'पुणेवाली' राहिले.

त्यांच्या घराण्यातलं कोण, कधी आणि कशासाठी म्हैसूरला आलं, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. माहेर म्हैसूरचं, सासर म्हैसूरचं. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता, लग्नानंतर तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेल्या तेव्हा. "तिथं लोक फार जोरात बोलतात मा," एवढंच त्यांचं त्या प्रवासाबद्दल मत होतं. त्यांचे यजमान मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात फोरमन होते. मी राहायला आले त्याच्या बऱ्याच आधी ते गेले. एकुलता एक मुलगा, श्रीधर, कॅनडात होता.

राहायला आले त्याच दिवशी अक्का शेजारणीला माझ्याबद्दल सांगताना मी ऐकलं. "पाप, एकटीच आहे." मी जिन्यातच थांबले. एकटं राहण्यात पाप कसलं, हे मला कळेना. पुढे दोन-तीन दिवस त्या मला पाहिलं की हळहळून "पाप, पाप" म्हणायच्या आणि मी मनातल्या मनात आपल्या चुका शोधायचे. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं की कन्नडात 'पाप' म्हणजे 'बिचारी'. अक्कांचं मराठी असंच होतं. अर्धे शब्द कन्नडातून आलेले, पण त्यांच्या तोंडी इतके मुरलेले की त्यांना ते मराठीच वाटत. 'सुम्ने' म्हणजे उगाच, 'आयतु' म्हणजे झालं, 'बेडा' म्हणजे नको. वर्षभरात मीही फोनवर आईला "सुम्ने फोन केला" म्हणायला लागले.

दुसऱ्याला एकट्यानं जेवताना पाहणं अक्कांना सहन होत नसे. योगवाले लोक पहाटे उपाशीपोटी जायचे आणि उन्हं वर आल्यावर भुकेलेले परत यायचे. अक्का त्यांना चित्रान्न म्हणजे फोडणीचा लिंबूभात, किंवा अवलक्की, म्हणजे आपले पोहे, करून वाढायच्या आणि समोर स्टूल घेऊन बसायच्या. स्वतः काही खायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या. मी रविवारी खाली जेवायला गेले की माझ्यासमोरही तशाच. "तुम्ही पण घ्या ना," म्हटलं की म्हणायच्या, "मी मग. आधी तुझं होऊ दे. कुणी समोर नसलं की जेवण कसं घाईत होतं, मला ठाऊक आहे." त्या स्वतः मात्र आत ओट्याशी उभ्यानं जेवत. त्यांच्यासमोर बसायला कुणी नव्हतं, आणि आम्हा भाडेकरूंना ते सुचत नव्हतं.

ज्या एका माणसाला ते सुचलं, ती सचिको. अक्कांनी पहिल्याच दिवशी तिची 'सची' करून टाकली. ती जपानमधल्या एका शहरात बेकरीत काम करायची आणि दर हिवाळ्यात योगासाठी म्हैसूरला यायची. चाळिशीच्या पुढची, बारीक चणीची, हसताना तोंडावर हात धरणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं आपली ताटली उचलली, स्वयंपाकघरात गेली आणि अक्का उभ्यानं जेवत होत्या तिथं शेजारी उभी राहून जेवू लागली. अक्का म्हणाल्या, "अय्यो, तू कशाला उभी?" सची नुसती उभी राहून जेवत राहिली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी जमिनीवर दोन पाट मांडले. त्यानंतर सची असेपर्यंत अक्का कधी उभ्यानं जेवल्या नाहीत.

ती यायची तो अवरेकाईचा मोसम असायचा. अवरेकाई म्हणजे पावटा. येलवालकडून येणाऱ्या रस्त्यावर त्या दिवसांत शेंगांचे ढीग लागतात. दाणे भिजवायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून सोडवायचा, असं ते निवांत काम. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की मागच्या पायरीवर दोघी बसलेल्या दिसायच्या. मध्ये पातेलं. अक्का बोलत असायच्या, सची दाणे सोडवत ऐकत असायची. अक्का तिला काय सांगत नव्हत्या? यजमानांचा आजार, श्रीधरचं लहानपण, नणंदेनं लग्नात केलेला रुसवा, बेट्टदपुरच्या डोंगरावर देवळात जाताना निसटलेली चप्पल. मी जपानी कंपन्यांबरोबर काम करत होते, त्यासाठी थोडंफार जपानी शिकले होते. एकदा मी सचीला जपानीत विचारलं, "तुला हे सगळं समजतं का?" ती म्हणाली, "सगळं नाही. पण अक्का बोलते तेव्हा मला माझ्या गावी असल्यासारखं वाटतं. तिथंही बायका अशाच बसायच्या. आता तिथं फारसं कुणी राहिलेलं नाही."

ती अक्कांना 'तू' म्हणायची. तिचं मराठी अक्कांच्या बोलण्यातूनच उचललेलं, आणि अक्का तिला 'तू' म्हणत, म्हणून तीही. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर अक्कांनी भुवया उंचावल्या असत्या. सचीला त्यांनी कधी सुधारलं नाही.

मग महासाथ आली आणि सचीचं येणं थांबलं. सगळं पुन्हा सुरू झालं तरी ती आली नाही. तिची आई आजारी पडली होती. बेकरीतलं काम सोडून सची आपल्या गावी परतली होती. गाव म्हणजे एक छोटं बेट. दिवसातून काही ठरावीक वेळा बोट जायची तेवढाच जगाशी संबंध. तिथं धक्क्यावर तिला काम मिळालं होतं. बोट आली की दोर धरून खांबाला बांधायचा, तिकिटं द्यायची, बोट निघाली की दोर सोडायचा.

व्हिडिओ फोन मात्र यायचा. अक्का मोबाइल डब्याला टेकवून उभा करायच्या आणि भाजी चिरत बसायच्या. पलीकडे सचीही काहीतरी करत असायची. कधीकधी अर्धा-अर्धा तास दोघी एक शब्द बोलत नसत. मला वाटायचं बोलणं संपलं असेल, म्हणून मी बंद करायला जायचे. "राहू दे," अक्का म्हणायच्या. "आहे ती."

त्याच सुमारास अक्का न्हाणीघरात घसरून पडल्या. फार लागलं नाही, पण उठता येईना, आणि मी संध्याकाळी घरी येईपर्यंत त्या तशाच भिंतीला टेकून बसून होत्या. श्रीधर फोनवर फार चिडला. घर विकून टाकू, तू इकडे ये, असं त्याचं कितीतरी दिवसांपासून चाललं होतं, ते आता रोज सुरू झालं. अक्का ऐकून घ्यायच्या. बऱ्या झाल्यावर एके दिवशी वर माझ्या खोलीत आल्या. जिना त्या एरवी चढत नसत. खुर्चीवर बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "सचीच्या ऊरला जायचंय मला. तू घेऊन चल." ऊर म्हणजे कन्नडात गाव. मी म्हटलं, "जपानला?" त्या म्हणाल्या, "तिचं ऊर जिथं असेल तिथं."

पासपोर्ट श्रीधरनं कॅनडासाठी काढून ठेवला होता, कोरा पडून होता. तो म्हणाला, "आई, माझ्याकडे यायला तुला जमत नाही आणि तिकडे कसं जमतं?" अक्का म्हणाल्या, "तू राहायला बोलावतोस. तिकडं मी जाऊन येणार." हे त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. फक्त पूर्ण सांगितलं नव्हतं.

विमान, मग आगगाडी, मग एका बंदराच्या गावी मुक्काम, असं करत आम्ही धक्क्यावर पोचलो. मे महिना होता. अक्का नऊवारीच्या काळातल्या नव्हेत, पाचवारीच नेसत, पण खाली मुलानं पाठवलेले पळायचे बूट घातले होते आणि वर माझा स्वेटर. बोट आमच्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. प्रवासी म्हणजे आम्ही दोघी, कांद्याच्या पातीची जुडी घेतलेला एक म्हातारा आणि टपालाची पिशवी घेतलेला एक माणूस. अक्कांनी म्हाताऱ्याला विचारलं, "केवढ्याला घेतली?" तो काहीतरी जपानीत म्हणाला. "महाग आहे," अक्का मला म्हणाल्या. त्याला काय विचारलं आणि तो काय म्हणाला, याचा काही संबंध नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

समुद्र अगदी शांत होता. इतका शांत समुद्र मी पाहिला नव्हता, तळ्यासारखा. दोन्ही बाजूंना लहान लहान बेटं होती, काहींवर एक घरही नव्हतं. अक्का काचेपाशी बसून बघत होत्या. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत, हेच नवल होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तिला न्यायला आलेय."

"कुणाला?"

"सचीला. आणखी कुणाला? कायमची. ती येत असेल तर श्रीधरला मी सांगू शकते, बाबा, मी एकटी नाही, घर विकायचं नाही. आणि ती नाही आली..." त्यांनी पुढचं वाक्य पूर्ण केलं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात भोंगा वाजला.

धक्क्यावर सची उभी होती. निळी टोपी, हातात जाड मोजे. बोटीवरून फेकलेला दोर तिनं सराईतपणे झेलला, खांबाला दोन वेढे घातले, उतरायला फळी टाकली, म्हाताऱ्याला आणि टपालवाल्याला वाकून नमस्कार केला आणि मग मोजे काढून पुढे आली. तिनं अक्कांचे दोन्ही हात धरले. "ये मा, अक्का. दमलीस? पाप, किती लांब आलीस." अस्सल म्हैसूरचं मराठी, अक्कांचाच हेल. अक्कांच्या नातवंडांना यातला एक शब्द येत नाही. अक्का हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गाव म्हणजे धक्क्यापासून वर चढत जाणारा एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. त्यातली बहुतेक बंद. काहींच्या खिडक्यांतून आत वेली शिरल्या होत्या. शाळा होती, पण मुलं नव्हती. मैदानात गवत माजलं होतं आणि घसरगुंडी तेवढी त्यातून वर डोकावत होती. वर उतारावर संत्र्याच्या बागा होत्या, निम्म्या सोडून दिलेल्या. चढ चढताना मी अक्कांना हात दिला, तर म्हणाल्या, "बेट्टदपुरचा डोंगर चढलेली मी, हे काय?" पण चार पावलांवर त्या थांबायच्या आणि बंद दारांकडे बघायच्या. "सगळी कामाला गेलीत काय?" त्यांनी विचारलं. सची म्हणाली, "नाही अक्का. सगळी गेली."

सचीची आई फार म्हातारी होती. खिडकीपाशी अंथरुणावर पडून असायची. बोटीचा भोंगा वाजला की डोळे उघडून विचारायची, "कोण आलं?" सची घरी असली की सांगायची, अमका आला, तमका आला, नाहीतर कुणी नाही आलं. त्या दिवशी तिनं सांगितलं, "म्हैसूरची अक्का आली." अक्का तिच्या उशाशी बसल्या आणि बोलू लागल्या. तुमची मुलगी फार गुणाची आहे, माझ्याकडं कधी नखं वाढवून आली नाही, तांदूळ वाया घालवला नाही. म्हातारी ऐकत राहिली. मध्येच तीही काहीतरी जपानीत म्हणायची. मी भाषांतर करायला गेले, पण त्या दोघी थांबत नव्हत्या, म्हणून मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

चार-पाच दिवस आम्ही तिथं होतो. सकाळी सची कामावर गेली की घरात अगदी सामसूम व्हायची. मी फिरायला जायचे तर रस्त्यावर माझ्याच पावलांचा आवाज. एखादी म्हातारी बाई बागेत वाकलेली दिसायची, वर बघून हसायची, पुन्हा वाकायची. संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या भोंग्यातून एक संथ सूर वाजायचा. पूर्वी मुलांनी खेळ थांबवून घरी जावं म्हणून तो वाजवत, असं सचीनं सांगितलं. मुलं राहिली नाहीत तरी तो वाजवणं कुणी बंद केलं नव्हतं.

एका संध्याकाळी सचीनं परसातल्या शेंगा तोडून आणल्या. पावट्याहून मोठ्या, फुगीर. दोघी पुढच्या पायरीवर बसल्या, मध्ये टोपली. मी दाराला टेकून उभी होते. थोडा वेळ शेंगा फुटण्याचा आवाज येत राहिला. मग अक्का म्हणाल्या, "सची, पुरे आता हे. म्हैसूरला ये."

मला वाटलं इतकं महत्त्वाचं बोलणं, तिला नीट समजायला हवं, म्हणून मी जपानीत सांगायला पुढे झाले. अक्कांनी हात वर करून मला थांबवलं. "तू बेडा. माझं मी बोलते."

मग त्या सचीकडे वळल्या. "मागची खोली तुझीच आहे. मी आता ती कुणाला देत नाही. आईला पण आण. खालीच आहे घर, जिना नाही. दोघींचं मी करीन. माझं कोण करणार असं नाही म्हणत मी, अजून होतं मला. पण घरात काही आवाज झाला की 'काय पडलं ग' म्हणून विचारणारं कुणीतरी पाहिजे. मी पडले तेव्हा दिवसभर बसून होते न्हाणीत. दुखत नव्हतं एवढं. पण हाक कुणाला मारायची, नाव आठवेना. मला तुझंच नाव आठवलं."

सचीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती खाली बघत होती. मग एकेक शब्द जोडत म्हणाली, "अक्का, आई बोटीत बसत नाही. दवाखान्याच्या बोटीत पण बसत नाही. ती म्हणते, मी उठले की हे घर पण बंद." मग तिनं शेजारच्या घराकडे हात केला. "ते घर माझ्या काकाचं. रिकामं आहे. छत चांगलं आहे. अक्का, तू राहा इथं."

अक्कांनी ही गोष्ट मनात आणली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. विचारायला आलेल्या माणसालाच कुणी विचारावं, तशा त्या बघत राहिल्या. कागदपत्रं, परवाने, असल्या शंभर अडचणी मला दिसत होत्या. त्या दोघींपैकी कुणीही त्या अडचणींविषयी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी किल्ली मागून घेतली आणि त्या घरात गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी सगळी तावदानं सरकवून उघडली. नळ सोडून पाहिला, पाणी आधी तांबडं आणि मग स्वच्छ आलं. देव कुठं ठेवता येतील ते पाहिलं. चुलीची जागा पाहिली, फडताळातल्या बशा एकेक काढून पुसल्या आणि पुन्हा ठेवल्या. घर बघायला आलेली बाई जशी सगळं मनाशी मांडून बघते तसं त्यांचं चाललं होतं, आणि मला उगाच आशा वाटू लागली. शेवटी त्या समुद्राकडच्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. दुपारी सची जेवायला आली तरी तिथंच होत्या.

"सची, इथून दिवसभर काय दिसतं ग?" त्यांनी विचारलं.

सची म्हणाली, "समुद्र. बोट. मग पुन्हा समुद्र."

अक्कांनी मान डोलावली.

संध्याकाळी आम्ही दोघी धक्क्याकडे चालत गेलो. वाटेत त्या म्हणाल्या, "नाही जमायचं मा. म्हैसूरचं एकटेपण माझ्या सवयीचं आहे. कुठल्या वेळी भाजीवाला येतो, कुठल्या वेळी समोरची मुलं शाळेतून येतात, कुठली वेळ सगळ्यांत वाईट, सगळं पाठ आहे. इथलं मला या वयात नव्यानं शिकायला लागेल. ती दिवसभर दोर धरणार, मी दिवसभर खिडकीत बसणार. ते शिकण्याएवढे दिवस माझ्याकडं नाहीत." त्यांनी हे रडत सांगितलं नाही. शेजारच्या घरची अडचण सांगावी तसं सांगितलं. सचीला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी पुढे होते, त्या दोघी धक्क्याच्या कठड्याशी बराच वेळ उभ्या होत्या.

निघायच्या दिवशी सची कामावरच होती, कारण आमची बोट तिच्याच पाळीत होती. तिनं आम्हाला तिकिटं दिली. आमच्या बॅगा उचलून फळीवरून आत ठेवल्या. अक्का म्हणाल्या, "येते ग." आपल्यात जाताना 'जाते' म्हणत नाहीत, हे अक्कांनीच तिला कधीतरी शिकवलं होतं. दरवर्षी म्हैसूर सोडताना ती 'येते' म्हणायची आणि पुढच्या हिवाळ्यात खरोखरच यायची. आज तिनं "ये" म्हटलं आणि टोपी नीट केली.

मग भोंगा वाजला आणि दोर सोडायची वेळ झाली. दुसरं कुणी ते काम करणारं नव्हतं. सचीनं वाकून खांबाचे वेढे सोडवले, दोर बोटीवरच्या माणसाकडे फेकला आणि मागे सरून उभी राहिली. आमच्यात पाणी वाढत गेलं. ती कमरेत वाकली आणि बोट वळेपर्यंत वर उठली नाही. अक्का कठडा धरून उभ्या होत्या. वाऱ्यानं पदर उडत होता, तो त्यांनी आवरला नाही. त्या बोटीवर आणि पुढे आगगाडीतही त्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नाहीत. समोर बसलेल्या बाईनं खायची गोड गोळी पुढे केली तेव्हा नुसती मान हलवली.

म्हैसूरला आल्यावर काही महिने नेहमीसारखे गेले. पण श्रीधरचं म्हणणं त्या आता अडवत नव्हत्या. पुढच्या वर्षी तो आला, घराचा व्यवहार झाला आणि तो त्यांना घेऊन गेला. निघताना अक्का सगळ्या खोल्यांतून फिरल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या खोलीचं काय करणार मा आता?" मी म्हटलं, "मी बघते दुसरीकडे." त्या म्हणाल्या, "जेवत जा. सुम्ने चहावर राहू नको." गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली, पण गाडी निघाली.

कॅनडातून त्या फोन करायच्या. सून चांगली आहे, नातवंडं चांगली आहेत, खोली ऊबदार आहे, असं सांगायच्या. मग सांगण्यासारखं संपायचं. एकदा म्हणाल्या, "सचीच्या ऊरला निदान बोट तरी यायची. इथं कुणी येत नाही, कुणी जात नाही. बर्फ तेवढा पडतो." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. श्रीधरचा फोन आला. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, असं म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. त्यानं आपल्या परीनं सगळं केलं होतं, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती.

सचीला मला सांगावं लागलं. मी व्हिडिओ फोन केला तेव्हा ती तिकिटाच्या खिडकीत होती. मी आधी जपानीत जमवून ठेवलेली वाक्यं ऐन वेळी तोंडात येईनात. मराठीतच म्हणाले, "सची, अक्का गेल्या." तिच्या मागे भोंगा वाजला. "बोट आली," ती म्हणाली आणि फोन तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून बाहेर गेली. मला छताचा एक तुकडा दिसत होता. फळी पडल्याचा आवाज आला, दोन-तीन माणसांची पावलं, तिचा आवाज, रोजच्यासारखा, कुणाला तरी सावकाश उतरा म्हणणारा. मग इंजिनाचा आवाज दूर गेला. ती परत यायला वेळ लागला. मी फोन धरून होते.

आल्यावर तिनं विचारलं, "अक्काजवळ कोण होतं?"

"मुलगा होता. सून होती, नातवंडं होती. सगळे घरातच होते."

"बरं झालं," ती म्हणाली. मग अक्कांच्याच हेलात तिनं विचारलं, "बोलायला कोण होतं?"

पुढची बोट यायला अजून बराच अवकाश होता. तोपर्यंत आम्ही दोघी फोन तसाच धरून बसून राहिलो.